विसरलेला होकार आणि हातावरचा व्रण

रोग्याने आपल्या रोगाविषयी लिहावे आणि वैद्याने आपल्या रोग्याविषयी लिहावे, हे दोन्ही प्रकार इंग्रजी वाङ्मयात आता पुरते रुळले आहेत. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. त्याची स्वतंत्र चर्चा व्हावयास हवी असे आम्हांस वाटते. ज्या मनुष्यास मेंदूचा अथवा मज्जासंस्थेचा दुर्धर विकार जडला आहे, आणि ज्याने स्वतःस गुण यावा म्हणून नव्हे, तर पुढे कोणास तरी येईल म्हणून आपले शरीर संशोधकांच्या हवाली केले आहे, त्याच्याविषयीचे हे लेखन होय. अशा तीन ग्रंथांचा येथे परामर्श घेण्याचे योजिले आहे. सुझान कॉर्किन यांचा 'पर्मनंट प्रेझेंट टेन्स' (२०१३), ल्यूक डिट्रिक यांचा 'पेशंट एच. एम.' (२०१६) आणि ॲलिस वेक्सलर यांचा 'मॅपिंग फेट' (१९९५). पहिले दोन एकाच माणसाविषयी आहेत, तिसरा एका कुटुंबाविषयी. तिसरा या तिहींत सर्वांत जुना आणि आमच्या मते सर्वांत सरस. म्हणून तो शेवटी घेतो.

आरंभीच एका शब्दाची अडचण येते. इंग्रजीत अशा माणसास 'व्हॉलंटियर' म्हणतात. त्यास 'स्वयंसेवक' म्हणावे, तर आमच्या डोळ्यांपुढे संमेलनाच्या मांडवात छातीवर बिल्ला लावून पाहुण्यांना खुर्च्या दाखविणारा तरुण उभा राहतो. संमतीपत्रांच्या मराठी तर्जुम्यांत 'सहभागी' असा गुळमुळीत शब्द असतो. वृत्तपत्रांस यांपैकी काहीच पुरत नाही. ती सरळ दधीचीस हाक मारतात. कोणी देहदान केले, कोणी औषधाच्या चाचणीस नाव दिले, की झाला तो 'आधुनिक दधीची'. हा गौरव करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु दधीची हा पूर्ण शुद्धीवर असलेला, आपण काय देत आहो व कोणास देत आहो हे जाणणारा ऋषी होता. शिवाय एकदा दधीची म्हटले, की देवांस पुढे कोणी काही विचारीत नाही. त्याच्या अस्थींचे वज्र झाले, वृत्र मेला, कथा संपली. दधीचीचा मुलगा पिप्पलाद पुढे देवांवर संतापून उठला, ही पुराणांतील गोष्ट मात्र क्वचितच ऐकू येते. प्रस्तुत ग्रंथ वाचताना आम्हांस वारंवार आठवण झाली ती बापाची नव्हे, मुलाची.

एच. एम. म्हणजे हेन्री मोलेसन. जन्म १९२६ चा, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातला. लहानपणापासून त्यास अपस्माराचे झटके येत, आणि वय वाढले तसे ते असह्य झाले. २५ ऑगस्ट १९५३ रोजी, त्याच्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल नामक शस्त्रवैद्याने हार्टफर्ड येथे त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतील अंगाचा भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु त्या दिवसानंतर घडलेली कोणतीही गोष्ट हेन्रीच्या स्मरणात राहिनाशी झाली. जेवण होऊन पाने उचलली, की जेवल्याचे आठवत नसे. लहानपण आठवे, आईबाप आठवत. पण जिच्याशी आता बोलत होता ती बाई खोलीबाहेर जाऊन परत आली, की नव्याने ओळख करून द्यावी लागे. १९५७ साली स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने स्मरणशक्तीविषयीच्या शास्त्राची दिशाच बदलली. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचे काम मिल्नरबाईंनी त्यास दिले. तीन दिवसांत त्याचा हात उत्तम बसला, आणि दर दिवशी आपण हे पूर्वी कधी केलेच नाही असे तो सांगत राहिला. हातास आठवते ते मनास आठवत नाही. स्मृती ही एकच एक शक्ती नसून तिचे निरनिराळे प्रकार आहेत व त्यांची मेंदूतील घरेही निरनिराळी आहेत, हे या एका माणसामुळे जगास कळले. २००८ च्या डिसेंबरात तो वारला. म्हणजे पंचावन्न वर्षे त्याची तपासणी चालू होती.

कॉर्किनबाईंनी यांपैकी सेहेचाळीस वर्षे त्यास पाहिले. त्यांचा ग्रंथ शास्त्र समजावून देण्यात फार चांगला आहे. एकेक प्रयोग कशासाठी केला, त्यातून काय निष्पन्न झाले, हे त्या इतक्या नीटसपणे सांगतात की आमच्यासारख्या शास्त्राबाहेरच्या वाचकासही कोठे अडत नाही. हेन्रीविषयी त्यांना माया आहे, हेही पानोपानी दिसते. तो मात्र त्यांना शाळेतील कोणी ओळखीची समजत असे. आपल्यामुळे इतरांस मदत होईल, या आशयाचे बोल हेन्रीच्या तोंडी या ग्रंथात येतात, आणि त्यांच्या आधारावर बाई त्यास राजीखुशीने आलेला मानतात.

येथेच आम्ही थबकलो. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप व्हावे आणि तरीही आपले भान सुटू नये, अशा दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा मथितार्थ. हेन्रीच्या बाबतीत ही समाधी लागतच नाही. त्याच्या भूमिकेत शिरावे म्हटले तर उंबरठ्यावरच आपण काय शोधावयास आलो ते विसरावे लागेल. मग लेखिका काय करते? ती रित्या जागी आपले मन ठेवते. हेन्री समाधानी होता, हेन्रीस उपयोगी पडण्याची हौस होती, ही वाक्ये खोटी नसतील. परंतु ज्यास सकाळी दिलेला होकार दुपारी आठवत नाही, त्याच्या होकाराचे पालन कोण करणार? होकार म्हणजे काही एका क्षणी उच्चारलेला शब्द नव्हे. 'आता पुरे' असे म्हणण्याचा अधिकार त्याच्या पोटात असतो, आणि तो बजावण्यास मागचे आठवावे लागते. हा प्रश्न कॉर्किनबाईंना ठाऊक नाही असे नाही. त्या त्यास स्पर्श करून चटकन पुढे जातात. आणि इतर ठिकाणी सावकाश चालणारी लेखिका ज्या जागी झपझप पावले टाकते, त्या जागी वाचकाने थांबून पाहावे, हा आमचा जुना नियम आहे.

डिट्रिक तेथेच थांबले आहेत. हे गृहस्थ शस्त्रवैद्य स्कोव्हिल यांचे नातू. (गंमत अशी, की कॉर्किनबाईंचे बालपण स्कोव्हिल यांच्या घरासमोरच गेलेले. हेन्रीचे दोन्ही चरित्रकार एका रस्त्यावरचे म्हणावयाचे, आणि हेन्री मात्र त्या रस्त्यावरचा नव्हे.) आईच्या पश्चात कित्येक वर्षे हेन्रीची संमतीपत्रे हेन्रीच्याच सहीने पुरी होत होती, आणि १९९२ साली न्यायालयाकरवी त्यास जो पालक मिळाला त्याच्याहून जवळची भावंडे हयात होती, असे डिट्रिक लिहितात. त्यांच्या काही आरोपांस कॉर्किनबाईंच्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली; बाई स्वतः ग्रंथ निघण्यापूर्वी, २०१६ च्या मे महिन्यात, निवर्तल्या होत्या. वादाचा निवाडा आम्ही करणार नाही. वाङ्मय म्हणून पाहता डिट्रिक यांचा ग्रंथ पसरट आहे. आजोबांच्या घरातील दुःखे, त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांतील मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि हेन्री या तीन धाग्यांचा पीळ जमता जमता सुटतो. रोषाने लिहिलेली प्रकरणे मात्र खणखणीत उतरली आहेत. हेन्रीच्या मृत्यूनंतर वर्षभराने, डिसेंबर २००९ मध्ये, त्याचा मेंदू गोठवून त्याचे २४०१ पातळ काप काढण्यात आले. ते काम ५३ तास चालले आणि जगभरातील लोकांनी ते घरबसल्या पाहिले. हे वाचल्यावर दधीचीची उपमा आमच्या तरी जिभेवर येईना.

मध्येच थोडे आमच्याकडील. येथील मंडळाच्या ग्रंथालयात नियमाने येणारे एक वृद्ध गृहस्थ गेली काही वर्षे कंपवाताने आजारी आहेत. शहरातील एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी आपण होऊन नाव दिले. संमतीपत्र वीस-बावीस पानांचे. ते इंग्रजीत, हिंदीत आणि येथील भाषेत उपलब्ध होते, मराठीत नव्हते. त्यांनी ते सबंध वाचले. प्रत्येक पानावर सही करावयाची होती, आणि हात कापत असल्यामुळे दहाव्या पानावरची सही पहिल्या पानावरच्या सहीशी जुळेना. तेव्हा तेथील मुलीने त्यांना सौजन्याने पुन्हा प्रयत्न करावयास सांगितले. "ज्या रोगासाठी बोलावले, त्याच रोगाचा पुरावा त्यांना चालेना," असे ते हसून सांगतात. दीड वर्ष ते दर पंधरवड्यास रिक्षाने जात राहिले. चाचणी संपली. आपणांस खरे औषध मिळत होते की नुसती साखरेची गोळी, हे त्यांना अद्याप कोणी कळविलेले नाही. त्यांची तक्रार औषधाविषयी नाही, एवढ्या एका गोष्टीविषयी आहे. आणि 'मॅपिंग फेट' आम्ही त्यांच्या हाती दिला तो यामुळेच.

ॲलिस वेक्सलर या व्यवसायाने इतिहासकार. आईच्या कुळात हंटिंग्टनचा रोग होता. या रोगात मेंदूच्या खोल भागातील पेशी हळूहळू नाश पावतात. हातापायांस नाचल्यासारखे अनावर हेलकावे बसू लागतात, स्वभाव बदलतो, बुद्धी मंदावते. बहुधा ऐन प्रौढपणी रोग प्रकट होतो, म्हणजे तोवर मुलेबाळे झालेली असतात. आणि आईबापांपैकी एकास तो असला, की प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव निम्मा. नाणे उडवावे तसे. ॲलिसच्या आईचे, लिओनोरचे, वडील याच रोगाने गेले होते. हा रोग पुरुषांनाच होतो अशी तिची लहानपणी समजूत करून दिलेली होती. पुढे ती प्राणिशास्त्र शिकली, आनुवंशिकतेचा तिने अभ्यास केला. १९५० साली तिच्या तिन्ही भावांस तोच रोग असल्याचे निष्पन्न झाले. नवराबायकोंनी हे मुलींपासून अठरा वर्षे लपविले. १९६८ साली लॉस एंजेलिस येथे एके सकाळी लिओनोर रस्ता ओलांडीत असता, इतक्या सकाळी दारू कशी प्यायली म्हणून एका पोलिसाने तिला हटकले. तेव्हा कोठे ती डॉक्टरकडे गेली. त्याच वर्षी वडिलांनी, मिल्टन यांनी, ॲलिस व नॅन्सी या दोघी मुलींना बोलावून सर्व सांगितले.

येथवर कोणासही ही एका दुर्दैवी घराण्याची करुण कथा वाटेल. तशी ती राहत नाही, याचे श्रेय लेखिकेच्या भूमिकेस आहे. वडील मानसोपचारतज्ज्ञ. ते स्वस्थ न बसता संशोधनास वाहिलेले एक प्रतिष्ठान काढतात. धाकटी नॅन्सी मानसशास्त्र सोडत नाही, पण सारे आयुष्य या रोगाच्या शोधास वाहते. थोरली ॲलिस कडेला उभी राहून पाहते. आणि पाहते ती मुख्यतः आईकडे. कारण या सर्व धामधुमीत, जिच्यापायी ती चालली आहे ती बाई मुकाट आहे. रोग तिचे शब्द नेतो हे खरे, पण रोगापूर्वीही ती मुकाटच होती. घरात उच्चारावयाचे नाही असे जे होते, ते तिनेच एकटीने वाहिले होते. आजारी आईविषयी वाटलेली किळस, दुरावा, आपल्याच चालण्यात एखादा ठेचकाळता पाय दिसला की उठणारी धडकी, हे सर्व ॲलिसबाईंनी कोठेही आवाज न चढविता लिहिले आहे. आमच्या वाङ्मयात या निर्भीडपणाची आठवण 'स्मृतिचित्रां'नीच करून दिली. लक्ष्मीबाईंचे हसू येथे नाही, पण स्वतःस सूट न देण्याची रीत तीच.

ग्रंथाचा गाभा मात्र व्हेनेझुएलात आहे. मराकायबो सरोवराच्या काठच्या वस्त्यांत, मराकायबो शहरातील सान लुईस या गरीब मोहल्ल्यात, बारांकितास येथील कोळ्यांच्या गावात, लगुनेता या पाण्यात खांब रोवून बांधलेल्या खेड्यात, हा रोग जगात अन्यत्र कोठेही नाही इतक्या दाटीने आढळतो. अमेरिको नेग्रेते या तेथील डॉक्टरने १९५० नंतरच्या दशकात त्याची ओळख पटविली. तेथील लोक त्यास नुसते 'एल माल', म्हणजे 'पीडा', म्हणत. १९८१ पासून दरवर्षी नॅन्सी एक पथक घेऊन तेथे जाऊ लागली. रक्त हवे होते, कातडीचे बारीक तुकडे हवे होते, आणि कोण कोणाचा मुलगा हे लिहून घ्यावयाचे होते. लोक बिचकले. परक्या देशातून आलेल्या गोऱ्या बाया आपले रक्त काढून विमानाने नेतात, ते कशासाठी? हा रोग अमेरिकेतही असतो, हेच त्यांना खरे वाटेना. तेव्हा घडलेला एक प्रसंग नॅन्सीने सांगितला आहे. माझ्याही आईस हाच रोग होता, मीही माझी कातडी तपासणीस दिली आहे, असे ती म्हणाली. लोक गप्प. तोच पथकातील फिदेला गोमेस या परिचारिकेने तिचा हात धरून वर केला आणि हातावरचा तो इवलासा व्रण साऱ्या खोलीभर एकेकास फिरवून दाखविला. हिच्यावरही खूण आहे! त्यानंतर लोक पुढे आले.

या एका प्रसंगात असे काही आहे, जे हेन्रीवरील दोन्ही ग्रंथांत मिळून सापडत नाही. येथे मागणारा देणाऱ्याच्याच रांगेत उभा आहे. त्याने आधी दिले आहे, आणि तेच भय त्याच्याही घरात आहे. संमतीपत्राच्या बावीस पानांनी जे साधत नाही ते गव्हाएवढ्या व्रणाने साधले. याचा अर्थ प्रत्येक संशोधकास तो रोग असावा असा नव्हे. तसे म्हणणे वेडगळपणाचे होईल. परंतु देणारा जे देतो ते नुसते रक्त नसते, विश्वास असतो. आणि विश्वासास पावती मागण्याचा हक्क आहे, एवढे त्या खोलीतील अडाणी म्हणविल्या गेलेल्या कोळ्यांना कळत होते. पुढे याच रक्ताच्या आधारे बोस्टन येथे जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर रोगाचा माग देणारी खूण सापडली, आणि १९९३ साली प्रत्यक्ष दोषी जनुक हाती आले. शास्त्राच्या भाषेतही त्या पहिल्या शोधास 'खूण'च म्हणतात, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे.

तथापि येथेच ग्रंथातील उणीवही सांगितली पाहिजे. वेक्सलर कुटुंबातील प्रत्येक माणूस आम्हांस नावागावासह, रागलोभासह भेटतो; सरोवराकाठची माणसे मात्र समूहानेच येतात. त्यांतील एखादी आई, एखादा होडीवाला ॲलिसबाईंच्या आईइतका मनात रेंगाळला असता, तर ग्रंथाचा तोल अधिक साधला असता. २००२ पर्यंत ही पथके जात राहिली; अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ आणि चार हजारांहून अधिक रक्ताचे नमुने जमले. त्या मोबदल्यात मराकायबोस १९९९ साली रोग्यांकरिता एक शुश्रूषागृह उघडले, आणि पुढे तेही बंद पडले. हा भाग ग्रंथानंतरचा आहे, त्यासाठी लेखिकेस दोष देता येत नाही. पण आज ग्रंथ वाचणाऱ्यास तो बाजूस सारता येणार नाही. पिप्पलाद सरोवराच्या काठीही असणारच. त्याने लिहिलेले काही अद्याप आमच्या वाचनात आलेले नाही.

जनुकाचा माग लागताच एक नवा पेच निर्माण झाला, आणि ग्रंथातील उत्तम प्रकरणे त्याविषयीची आहेत. १९८६ पासून, रोग प्रकट होण्यापूर्वीच तो होणार की नाही हे सांगणारी चाचणी उपलब्ध झाली. ज्या बहिणींच्या घराने तिच्यासाठी जिवाचे रान केले, त्यांनी स्वतः ती करवून घेतली नाही. औषध नाही, मग नुसते भविष्य कळून काय करावयाचे? एकीस आहे आणि दुसरीस नाही असे निघाले तर घर कसे नांदणार? ही चर्चा ॲलिसबाई कोणतीही बाजू न सजविता मांडतात. कादंबरीकार असता तर त्याने शेवटच्या पानावर पाकीट फोडले असते. येथे पाकीट नाहीच. आपला शेवट आपणांस ठाऊक नसताना, आणि तो जाणून घेण्याची सोय हाताशी असताना, न जाणता जगणे हाच या लेखनाचा बंध आहे. आत्मचरित्र म्हणजे मागे वळून पाहणे, अशी आपली व्याख्या. हे आत्मचरित्र सबंध पुढे पाहत लिहिलेले आहे.

२०२० च्या मार्चमध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नॅन्सीने आपणांस हाच रोग असल्याचे जाहीर केले. म्हणजे १९८१ साली त्या खोलीत वर धरलेला हात संशोधिकेचा होता तसाच रोगिणीचाही होता. आम्ही ग्रंथ प्रथम वाचला तो त्यापूर्वी. पुन्हा वाचला तेव्हा तीच वाक्ये निराळी लागली. त्यानंतरच्या वर्षी, २०२१ च्या मार्चमध्ये, या रोगावरील टोमिनर्सेन नामक औषधाची मोठी चाचणी थांबवावी लागली. ७९१ माणसे त्यात होती. महिनोन्महिने पाठीच्या कण्यात सुई टोचवून घेऊन ती येत होती, आणि ज्यांना औषध अधिक वेळा दिले गेले त्यांची प्रकृती औषध न मिळालेल्यांहून खालावल्याचे दिसून आले. यांपैकी कोणी लिहीत असेल, तर त्याचे पुस्तक आम्हांस हवे आहे.

आमच्या त्या वृद्ध स्नेह्यांनी 'मॅपिंग फेट' तीन आठवड्यांनी परत आणला. हाताच्या कापऱ्यामुळे पाने उलटावयास वेळ लागतो, म्हणून दंड माफ करावा, असे ते ग्रंथपालांस म्हणाले. पुस्तकात पेन्सिलीची एकच रेघ होती, आणि ती फिदेला गोमेस हिच्या नावाखाली. इस्पितळास त्यांनी याच महिन्यात तिसरे पत्र धाडले आहे. या खेपेस मराठीत.